चाळीस नॅनोसेकंद कुणाचे?

अंबरनाथ पश्चिमेच्या आमच्या घरात भिंतीवरचं घड्याळ कायम दहा मिनिटं पुढे असायचं. बायकोनं ते मुद्दाम तसं लावून ठेवलं होतं. सकाळी मुलांना आणि मला वेळेवर घराबाहेर काढायचा तिचा तो उपाय होता. पण घरातल्या प्रत्येकाला ते ठाऊक असल्यामुळे प्रत्येक जण मनातल्या मनात दहा वजा करायचा आणि उपाय फुकट जायचा. पाहुणे तेवढे घड्याळाकडे बघून दचकायचे आणि चहा अर्धा टाकून उठायचे.

"चुकीचं घड्याळ भिंतीवर ठेवायचं कशाला?" मी म्हणायचो.

"किती चुकलंय ते माहीत आहे ना तुम्हाला? मग चूक कसली?"

तिचं मला पटायचं. कारण कारखान्यात मी जे काम करत होतो ते नेमकं हेच होतं. चूक काढून टाकायची नाही, ती किती आहे ते शोधायचं आणि वजा करायचं.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावरची ही गोष्ट. त्याआधी, ऐंशीच्या दशकात, मी उल्हासनगरला रेडिओ आणि टेपरेकॉर्डर जुळवणाऱ्या एका लहान कारखान्यात होतो. तो बंद पडला आणि मला आनंदनगर एमआयडीसीत नोकरी मिळाली. तिथे उपग्रहावरून वेळ घेणारे सेट तयार व्हायचे. जीपीएस हा शब्द तेव्हा आमच्या गल्लीत कुणी ऐकला नव्हता. शेजारी विचारायचे, तेव्हा मी "घड्याळं तपासतो" असं सांगून मोकळा व्हायचो. मूळ कार्ड परदेशातून यायचं. बाकी डबा, गच्चीवर बसवायचं अँटेनाचं डोकं, त्यातला फिल्टर, केबल आणि सगळी जुळणी आमची. तयार झालेला सेट दर सेकंदाला एक ठोका द्यायचा. दोन गावांत ठेवलेल्या दोन सेटनी तो ठोका एकाच क्षणी द्यावा, एवढीच गिऱ्हाइकाची अपेक्षा असायची.

ती पुरी करणं सोपं नव्हतं. उपग्रहापासून आमच्या गच्चीपर्यंत संदेश वीस हजार किलोमीटर येतो, त्या प्रवासाचा हिशेब पुस्तकात मिळतो. गच्चीवरून टेबलापर्यंतच्या शेवटच्या तीस मीटरांचा हिशेब मात्र ज्याचा त्यानं करायचा. संदेश अँटेनाच्या डोक्यात थोडा रेंगाळतो, फिल्टरमध्ये थोडा, केबलमध्ये थोडा, पेटीच्या आत थोडा. हा उशीर नॅनोसेकंदांत मोजायचा. नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा शंभर कोटीवा भाग. तेवढ्यात प्रकाश जेमतेम एक फूट जातो. केबलमध्ये तर त्याहून हळू, मीटरभर जायला पाच नॅनोसेकंद. तीस मीटरांची केबल असली की दीडशे. हा आकडा सेटला बटणं दाबून सांगून ठेवायचा, म्हणजे तो तेवढं वजा करून ठोका द्यायचा.

केबल मोजता येते. डोक्यातला आणि पेटीतला उशीर आमच्याकडच्या उपकरणांनी सुटा मोजता येत नव्हता. त्यासाठी लागणारी यंत्रं मोठ्या प्रयोगशाळांत होती. आम्ही साधा मार्ग काढला होता. पहिला सेट बनला तो कुणाला विकला नाही. रॅकच्या सगळ्यात वरच्या फळीवर तो कायमचा बसवला आणि त्याला 'घरचा सेट' म्हणायला लागलो. प्रत्येक नवा सेट त्याच्या शेजारी, त्याच गच्चीखाली चालवायचा, दोघांचे ठोके काउंटरला, म्हणजे दोन ठोक्यांमधला वेळ मोजणाऱ्या यंत्राला, जोडायचे आणि फरक बघायचा. त्या काळी अमेरिकेवाले आपल्या उपग्रहांच्या वेळेत, इतरांना ती फार अचूक मिळू नये म्हणून, मुद्दाम गडबड मिसळत. एकटा सेट त्यामुळे इकडेतिकडे हेलकावत राहायचा. पण दोघेही तेच उपग्रह बघत असले की गडबड दोघांना सारखीच लागायची आणि वजाबाकीत निघून जायची. मागे उरायचा तो दोन पेट्यांचा आपापसातला फरक. नवा सेट घरच्यापेक्षा मागे असला की अधिक, पुढे असला की उणे. तो आकडा मी चिठ्ठीवर लिहून सेटच्या पाठीवर चिकटवायचो: घरच्या सेटशी फरक, अधिक दोन. उणे तीन. असं.

'बरोबर' हा शब्द मी चिठ्ठीवर कधी लिहिला नाही. मला बरोबर काय ते माहीतच नव्हतं. घरच्याशी किती जुळतं तेवढंच माहीत होतं.

त्या वर्षी एका गिऱ्हाइकाची मोठी मागणी होती. सगळे सेट एकमेकांशी वीस नॅनोसेकंदांच्या आत जुळले पाहिजेत अशी अट. निम्मे सेट पावसाळ्यात गेले होते, निम्मे दिवाळीनंतर द्यायचे होते. अँटेनाच्या डोक्यातला फिल्टर जुळवणारी आमची जुनी बाई नातवंडांकडे राहायला निघून गेली आणि तिच्या टेबलावर दुसरी बाई आली. ती बदलापूरच्या पलीकडच्या एका गावातली. घरची शेती होती, पण नवरा एका अपघातानंतर घरीच बसून होता. वयानं तिशीची, तरी कारखान्यात तिला सगळे ताईच म्हणत. दोन वर्षं ती केबल बनवायच्या टेबलावर रोजंदारीवर होती. फिल्टरचं काम जमलं तर नव्या वर्षापासून कायम करू, असं साहेबांनी तिला सांगितलं होतं. कायम होणं तिच्यासाठी काय होतं ते तिनं एकदा डबा खाताना बोलून दाखवलं होतं: "दादा, रोजंदारीवालीला एक दिवस ताप आला तरी भीती वाटते. तापाची नाही."

फिल्टर म्हणजे काडेपेटीएवढी पितळी डबी. तिच्यात बारीक स्क्रू असतात. मीटरकडे बघत ते पाव-पाव वेढा फिरवायचे. फिल्टर फार अरुंद, म्हणजे अगदी मोजक्या लहरीच आत सोडणारा, जुळवला तर नको ते आवाज चांगले अडतात, पण हवा तो संदेशही आत जास्त वेळ रेंगाळतो. म्हणजे उशीर वाढतो. हे लक्षात ठेवावं, कारण पुढचं भांडण यावरच झालं.

खंडेनवमीला कारखान्यात यंत्रांची पूजा व्हायची. मी त्या आठवड्यात दरवर्षी रजेवर असायचो. दसरा आमच्याकडे धम्मदीक्षेचा दिवस. वडील छप्पन साली नागपूरला होते, तेव्हापासून जमेल त्या वर्षी घरातलं कुणीतरी जातंच. आमचे फोरमन, ज्यांना सगळे मामा म्हणत, मला दरवर्षी तेच चिडवायचे, "तुमचा दसरा नागपुरात, आमचा रॅकवर. परत याल तेव्हा यंत्रं पवित्र झालेली असतील, जपून हात लावा." मीही म्हणायचो, "पवित्र करा, पण आकडे हलवू नका."

परत आलो. रॅकवर झेंडूची फुलं सुकली होती, घरच्या सेटवर कुंकवाचा टिळा होता. नव्या हातचा पहिला सेट लावला. अधिक एकेचाळीस.

मला वाटलं, सेट तापला नसेल. दिवसभर चालू ठेवला. दुपारी गच्ची तापली की फरक एखाद-दोननं सरकायचा, तेवढाच सरकला. दुसरा सेट लावला. अधिक अडतीस. तिसरा अधिक बेचाळीस. वीसच्या अटीत चाळीस. पावसाळ्यात गेलेल्या सेटशी यांची जोडी लावणं शक्यच नव्हतं.

साहेबांनी मला आणि मामांना केबिनमध्ये बोलावलं. साहेब म्हणजे कारखान्याचे मालक, स्वतः इंजिनिअर, माणूस वाईट नव्हता, पण मालाची तारीख जवळ आली की त्यांचा आवाज चढायचा.

"काय बदललं?" त्यांनी विचारलं.

"हात बदलला," मामा म्हणाले. "जुनी बाई होती तोवर एक सेट असा निघाला नाही. हिचा हात जड आहे. स्क्रू आवळून ठेवते."

"हात बिघडला असता तर आकडे पसरले असते," मी म्हणालो. "एक दहा, एक साठ, एक तीस. हे सगळे एकाच जागी सरकलेत."

"सवयच चुकीची असेल तर सगळे सारखेच चुकतील की," साहेब म्हणाले.

हे खोटं नव्हतं. साहेबांनी ठरवलं, आणखी दोन डोकी तिच्याकडून बनवून घ्यायची. तीही तशीच निघाली तर तिला टेबलावरून काढायचं आणि जुन्या बाईला विनवण्या करून परत आणायचं. केबलच्या टेबलावर तोवर दुसरी मुलगी बसली होती. म्हणजे ताईला परत जायला जागा नव्हती. ती आनंदनगरच्या फाटकाबाहेरच जाणार होती.

ती दोन डोकी तिनं श्वास धरून जुळवली. मी पाठीमागून बघत होतो. पाव वेढा, मग मीटर, मग पाव वेढा. हात अजिबात जड नव्हता. सेट लावले. अधिक चाळीस, अधिक एकोणचाळीस.

ती काउंटरकडे बघत उभी होती. "म्हणजे नापास?"

"घरच्याशी चाळीसचा फरक आहे," मी म्हणालो.

"तेच विचारतेय मी. नापास का?"

मी काउंटर बंद केला.

त्या संध्याकाळी घरी जेवताना मी बायकोला सगळं सांगितलं. तिला नॅनोसेकंदांत रस नव्हता. पण फरक म्हणजे काय ते तिला चटकन समजलं.

"शेजारणीचं घड्याळ आपल्यापेक्षा दहा मिनिटं मागे आहे," ती म्हणाली. "आता हिचं मागे का आपलं पुढे, हे दोनच घड्याळांवरून कसं कळणार?"

"तिसरं लागेल."

"मग आणा तिसरं. आणि काय हो, त्या बाईला काही विचारलंत का तुम्ही? का नुसत्या पेट्यांनाच विचारत बसलात?"

दुसरा प्रश्न मी त्या दिवशी कानाआड केला. पहिला पटला. तिसरा सेट हवा होता, दसऱ्याआधी बनलेला, ताईचा हात न लागलेला. गिऱ्हाइकाकडे गेलेले परत मागवणं शक्य नव्हतं. पण एक जवळच होता, उल्हासनगर कॅम्प नंबर तीनमध्ये.

तिथले एक सिंधी शेठ आम्हाला कनेक्टर आणि केबल पुरवायचे. रेडिओच्या कारखान्यापासून माझी त्यांची ओळख. जीन्स शिवणाऱ्या कारखान्यांच्या गल्लीत त्यांचं अरुंद दुकान होतं. साहेबांनी त्यांना नमुन्याचा एक सेट दिला होता आणि शेठनी तो काचेच्या कपाटात देवासारखा मांडला होता.

"साईं, हा माझा शोपीस आहे," शेठ म्हणाले. "गिऱ्हाईक आला की मी दाखवतो, देखो, आसमान से टाइम आता है. तू घेऊन गेलास तर मी काय दाखवू? छत?"

"दोन दिवसांत आणून देतो, शेठ."

"रेडिओ फॅक्टरीत होतास तेव्हापण दोन दिवसच बोलायचास. तेव्हाचा माझा स्पीकर अजून यायचाय."

"तो कारखाना बंद पडला, शेठ. हा चालू आहे."

"चालू आहे तर परत आणून दाखव. पण डोकं पण ने, छतावर आहे. मी नाही चढणार, माझे गुडघे गेले."

मी चढलो, अँटेनाचं डोकं काढलं, फडक्यात गुंडाळलं आणि शेअर रिक्षात सेट मांडीवर घेऊन बसलो. शेजारच्या बाईंनी विचारलं, "मिक्सर का?" मी हो म्हणालो. सेटच्या पाठीवर माझ्याच अक्षरातली चिठ्ठी होती: घरच्या सेटशी फरक, उणे तीन.

आनंदनगरला आल्यावर साहेबांच्या आणि मामांच्या देखत तो लावला. दिवसभर चालवला. आकडा आला अधिक सदतीस.

उणे तीनपासून अधिक सदतीस. तेच चाळीस. ताईनं ज्याला हातही लावला नव्हता तो सेटही घरच्यापेक्षा तेवढाच मागे पडला होता.

"म्हणजे घरचा सेट पुढे गेलाय," मी म्हणालो.

"किंवा शेठच्या दुकानात पडून याचं डोकं गंजलं," मामा म्हणाले.

"नेमकं चाळीसनं गंजलं?"

साहेबांनी वाकून काउंटरवरचा आकडा स्वतः वाचला. मग म्हणाले, "दोन विरुद्ध एक. पण हे मतदान नाही. घरचा सेट हलला असेल तर का हलला ते दाखवा. त्याला कुणी हात लावलाय का?"

"कुणी नाही," मामा म्हणाले. "पूजेला पुसला, फूल वाहिलं. उघडलासुद्धा नाही. देवाशपथ."

साहेबांचं म्हणणं मला मान्य होतं. दोघं एका बाजूला आहेत म्हणून तिसरा खोटा ठरत नाही. दोघांचंही सारखंच काही बिघडलेलं असू शकतं. कारण सापडेपर्यंत ते चाळीस नॅनोसेकंद कुणाचेच नव्हते, आणि जिला मालक नाही ती चूक शेवटी सगळ्यात नव्या माणसाच्या गळ्यात पडते. ताईला जायला सांगायचं पत्र साहेबांनी थांबवलं, पण फक्त सोमवारपर्यंत.

तेव्हा मला बायकोचा दुसरा प्रश्न आठवला. ताई टेबल आवरत होती. मी स्टूल ओढून बसलो.

"ताई, खंडेनवमीच्या दिवशी तुम्ही काय काय केलंत? सुरुवातीपासून सांगा."

"मी काय करणार? रांगोळी काढली. मग या टेबलावर नारळ फोडला. फिल्टरचं काम त्या दिवशीपासूनच मला दिलं ना, मुहूर्त म्हणून. त्याआधी शेवटचं काम केबलचं केलं." ती थोडी हसली. "ते मात्र माझं सगळ्यात चांगलं काम होतं, दादा. घरच्या सेटची केबल."

"कुठली केबल?"

"घरच्या सेटची. जुनी काळी पडली होती, वर कोळ्यांची जाळी. मामा म्हणाले, पूजेला सगळं नवं पाहिजे, घरच्या सेटला एक नवी केबल करून दे. मी इतकी मन लावून केली, एक वेटोळं ठेवलं नाही. गच्चीपासून रॅकपर्यंत एकदम सरळ, मोजून."

मी उठून रॅकच्या मागे गेलो. तिथे भिंतीत एक खिळा आहे. जुनी केबल लागत होती त्यापेक्षा लांब होती, म्हणून उरलेली वेटोळं करून त्या खिळ्याला अडकवलेली असायची. आता खिळ्याला झेंडूचं सुकलेलं तोरण लटकत होतं. वेटोळं नव्हतं. छतातून एक चकचकीत केबल सरळ खाली येऊन घरच्या सेटला लागली होती. टोकाचा कनेक्टर इतका सफाईनं दाबलेला, की तेवढा आमच्या कारखान्यात दुसरा नव्हता.

सेटच्या आत मात्र अजून दीडशेचाच आकडा होता. तीस मीटरांचा. केबल आखूड झाली, संदेश लवकर यायला लागला, सेट तरी पूर्वीएवढंच वजा करत राहिला आणि ठोका लवकर द्यायला लागला.

मी मामांना बोलावून केबल दाखवली. ते खरोखर गोंधळले. "पण सेटला हात कुठे लावला? केबल बदलली फक्त." मामांच्या मनात सेट म्हणजे ती पेटी होती. केबल म्हणजे पेटीपर्यंत यायचा रस्ता. रस्ता स्वच्छ केला, यात सेटचं काय बिघडलं? आणि ताईला वाटत होतं की केबल जितकी चांगली, तितका सेट चांगला. तिला त्या टेबलावर दोन वर्षांत तेवढंच शिकवलं होतं.

आणखी एक गोष्ट माझ्या डोक्यात बसली ती कायमची. आपण सगळं नवं एकाच दिवशी सुरू करतो. नवी केबल त्याच मुहूर्तावर, नवी बाई त्याच मुहूर्तावर. दोन गोष्टी एकाच दिवशी बदलल्या की त्यातल्या कुणामुळे काय झालं ते आकडे सांगत नाहीत. आणि त्या दोन गोष्टींतली एक केबल असली आणि दुसरं माणूस असलं, तर बोट माणसाकडे जातं.

"जुनी केबल कुठे आहे?" मी ताईला विचारलं. नव्या केबलची लांबी मोजता येत होती, पण जुनी नक्की किती होती हे तिच्यावरूनच कळणार होतं. कागदावर तीस मीटर होती, खरी किती ते कुणी पुन्हा मोजलेलं नव्हतं.

तिचा चेहरा पडला. "मामा म्हणाले, टाकायचीच आहे, ने घरी. मी नेली. वापरतोय आम्ही."

"कशाला?"

"कपडे वाळत घालायला."

रविवारी मी बदलापूरला गेलो. स्टेशनच्या बाजारातून नायलॉनची दोरी घेतली, भरपूर लांब. ताईच्या गावाला जाणारी रिक्षा भरेपर्यंत थांबलो. तिचं घर रस्त्यापासून जरा आत, पुढे सारवलेलं अंगण. अंगणात एका आंब्यापासून दुसऱ्या टोकाच्या खांबापर्यंत आणि तिथून पुन्हा गोठ्याच्या वाशापर्यंत आमची केबल ताणलेली होती. तिच्यावर दोन लुगडी, एक गोधडी आणि मुलांचे शाळेचे सदरे. दोन्ही टोकांचे कनेक्टर तिनं प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवले होते, गंजू नयेत म्हणून.

"फेकून द्यायची होती, तरी बांधलंत?" मी विचारलं.

"सवय," ती म्हणाली.

तिचा नवरा ओट्यावर खुर्चीत बसून होता. त्यानं मला पाणी द्यायला सांगितलं. सासूबाई मात्र कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"एवढा लांबचा मानूस दोरी न्यायला आला? मंग मी कपडे कशावर वालत घालू?"

मी पिशवीतून नायलॉनची दोरी काढून दिली. त्यांनी ती ओढून बघितली, दातांत धरून बघितली. "ही बरी. त्या कालीवर सदऱ्याला डाग पडायचे." मग सुनेकडे वळून, "तुझी नोकरी ऱ्हायली का गेली, ते इचार त्याला."

"उद्या कळेल, आई," मी म्हणालो.

"म्हंजे तुला ठावं नाय."

"मला कळलंय. साहेबांना कळायचंय."

मग ओट्यावरून नवरा बोलला. "आकड्यावर नोकरी जाते हे मला माहीत होतं. आकड्यावर राहते का, ते बघू."

सोमवारी सकाळी केबल धुऊन, पुसून मोजली. तीस मीटरांना एक वीतही कमी नव्हती. नवी बावीस. आठ मीटरांचा फरक, मीटरला पाच. हिशेब करायला कागदही लागला नाही. तरी मी तेवढ्यावर थांबलो नाही. जुनी केबल घरच्या सेटला पुन्हा लावली, उरलेली वेटोळं करून खिळ्याला अडकवली आणि सगळे सेट दिवसभर चालवले. शेठचा सेट उणे तीनवर परतला. ताईच्या हातचे सेट आले अधिक एक, उणे दोन, अधिक दोन, शून्य, उणे एक. जुन्या बाईचे सेट इतके जवळ कधी आले नव्हते. आणि रॅकच्या मागे कपड्याच्या साबणाचा वास येत होता, तो पुढे कितीतरी दिवस गेला नाही.

मी चिठ्ठ्या लिहायला घेतल्या. ताई शेजारी येऊन उभी राहिली. तिनं वाचलं: घरच्या सेटशी फरक, अधिक एक.

"बरोबर आहे, असं लिहा ना," ती म्हणाली.

"तसं लिहिता येत नाही, ताई. आपल्याला फक्त फरक कळतो. घरचा सेट स्वतः किती बरोबर आहे ते आपल्याला माहीत नाही."

तिनं चिठ्ठीवर बोट ठेवलं. "दादा, माझा हात जड आहे असं मामा म्हणाले, तेव्हा ते 'घरच्याशी फरक' असं म्हणाले होते का? मी वाईट काम करते असंच म्हणाले ना? सगळ्यांसमोर?"

चिठ्ठीवर काय लिहायचं आणि काय नाही याचे माझे नियम पक्के होते, आजही आहेत. त्या चिठ्ठीत मी काही बदल केला नाही. पेन खिशाला लावलं आणि म्हणालो, "चला."

साहेबांच्या केबिनमध्ये मामा होते, हिशेब बघणारे कारकून होते, आणि आपला सेट घ्यायला स्वतः आलेले शेठही होते. मी आकडे सांगितले. साहेबांनी मान हलवली. मामा जमिनीकडे बघत म्हणाले, "चूक माझ्याकडून झाली, ताई. मी बोलायला नको होतं." साहेब म्हणाले, "ठीक आहे, मिटलं मग. सेट पाठवा."

"अजून एक आहे," मी म्हणालो. "यांचं काम बरोबर होतं."

साहेब हसले. मला ते इतकी वर्षं ओळखत होते. "तुमच्या तोंडून हा शब्द? किती नॅनोसेकंदांनी बरोबर?"

"आज तेवढं विचारू नका."

शेठ म्हणाले, "लिख के दे दो साईं, मैं भी दुकान में लगाऊँगा." सगळे हसले. ताई हसली नाही. ती साहेबांकडे बघत होती. त्यांच्या ते लक्षात आलं आणि त्यांनी समोरचा, तिला जायला सांगायचा कागद उचलून कारकुनांच्या हातात दिला. "हा फाडा," ते म्हणाले, "आणि नव्या वर्षाच्या यादीत यांचं नाव घाला. कायम."

त्यानंतर घरच्या सेटच्या केबलला मी एक चिठ्ठी बांधली: हिला हात लावायचा असल्यास मला सांगणे. पुढच्या खंडेनवमीला मी नागपुरात होतो. परत आलो तेव्हा सेटवर टिळा होता, खिळ्यावरच्या वेटोळ्याला झेंडूचं एक फूल बांधलेलं होतं, आणि केबल तीच होती, कोळ्याच्या जाळ्यासकट. मामा दारातूनच ओरडले, "रॅकवर दसरा झाला, पण केबलवर नाही. ताईनं कुणाला जवळ येऊ दिलं नाही."

मी सवयीनं काउंटर लावून बघितला. शून्य, अधिक एक, शून्य. बायकोला संध्याकाळी सांगितलं तर ती म्हणाली, "बघा. आणि आपलं घड्याळ अजून दहा मिनिटं पुढेच आहे. जेवून घ्या लवकर, नऊ वाजले."

मी दहा वजा केले आणि ताटावर बसलो.